नाशिकमध्ये गरजू कुटुंबांतील मुलांना शाळेमार्फत जेवण द्यायचे असल्यास सुरुवात कुठून करावी?

वेगळी योजना उभारण्यापूर्वी शाळेत आधीच चालू असलेला शालेय पोषण आहार पाहावा. 2021 पासून 'प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण' या नावाने चालणाऱ्या या योजनेत शासकीय व अनुदानित शाळांतील आठवीपर्यंतच्या मुलांना दुपारचे जेवण मिळते. पहिली ते पाचवीसाठी 450 कॅलरी व 12 ग्रॅम प्रथिने, तर सहावी ते आठवीसाठी 700 कॅलरी व 20 ग्रॅम प्रथिने असे प्रमाण ठरलेले आहे.

म्हणून मदत जिथे उणीव आहे तिथेच पोहोचावी. पेठ, सुरगाणा भागांतून द्राक्षबागांच्या कामासाठी दिंडोरी, निफाडकडे येणाऱ्या मजुरांची मुले पहाटे आईवडील कामाला निघाले की बहुधा उपाशीपोटीच शाळेत येतात, आणि दुपारच्या खिचडीपर्यंत त्यांना दम धरवत नाही. माझ्या मते अशा शाळांत सकाळी मूठभर शेंगदाणे, गूळ आणि एक केळे देणे, हे वाढदिवसाच्या एका गोड जेवणापेक्षा कितीतरी मोलाचे आहे. अर्थात, कोणाला शेंगदाण्यांची ॲलर्जी नाही ना, हे आधी विचारावे. जेवणच द्यायचे असल्यास योजनेत तिथिभोजनाची, म्हणजे सण किंवा वाढदिवसासारख्या खास दिवशी गावकऱ्यांनी शाळेतल्या मुलांना जेवण देण्याची सोय आहे.

दोन्हींसाठी मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समितीशी आधी बोलावे. खाऊ सर्वांना सारखाच द्यावा, गरजू मुलांची वेगळी रांग कदापि लावू नये.