पोर्ट ‘अप’ दिसतो, मग फोन का लागत नाही? व्हॉइस गेटवेची प्रश्नोत्तरे

प्रश्न : कुपवाड एमआयडीसीतल्या आमच्या कारखान्यात सिस्कोचा 24 पोर्टचा व्हॉइस गेटवे (साधे फोन आणि लाईन नेटवर्कवरच्या फोन यंत्रणेला जोडणारा डबा) आहे. नवं मॉनिटरिंग सॉफ्टवेअर लावल्यापासून सगळे पोर्ट पिवळे दिसतात, ‘डॉर्मंट’ असा इशारा येतो. फोन मात्र व्यवस्थित चालू आहेत. बिघाड कुठे आहे?

बिघाड नाही, इशाऱ्याचा नियम चुकला आहे. एसएनएमपीमध्ये (मॉनिटरिंग सॉफ्टवेअर ज्या पद्धतीने उपकरणांना त्यांची स्थिती विचारतं ती) पोर्टच्या चालू स्थितीला आकडे ठरलेले आहेत : 1 म्हणजे अप, 2 म्हणजे डाउन, 5 म्हणजे डॉर्मंट. नेटवर्क स्विचचा पोर्ट केबल लावली की कायम 1 दाखवतो. टेलिफोनच्या पोर्टचं तसं नसतं. रिसीव्हर जागेवर आहे, कॉल नाही, पोर्ट वाट बघतोय, या अवस्थेला 5 हा आकडा आहे. कॉल सुरू झाला की तोच पोर्ट 1 होतो. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये स्विचसाठी बनवलेला ‘1 नसेल तर ओरड’ हाच नियम फोनच्या पोर्टला लागलाय.

नियम असा बदला : 1 आणि 5 दोन्ही ठीक, 2 आला तरच इशारा. तोही ‘अ‍ॅडमिन’ स्थिती (पोर्ट सेटिंगमध्ये चालू ठेवलाय की बंद) 1 असेल तरच, कारण वापरात नसलेले पोर्ट कुणीतरी मुद्दाम बंद करून ठेवलेले असतात. दर 60 सेकंदांनी विचारा आणि सलग तीनदा 2 आला तरच मेसेज जाऊ द्या. थेट गेटवेवरच खात्री करायची असेल तर ‘शो व्हॉइस पोर्ट समरी’ ही कमांड द्या. तिथे कॉल चालू नसलेल्या पोर्टसमोर अप, डॉर्म, ऑन-हुक, आयडल हे चार शब्द दिसले की पोर्ट त्याच्या जागी ठीक आहे.

प्रश्न : मिरजेतल्या आमच्या रुग्णालयात वॉर्डांमध्ये 48 साधे इंटरकॉम आहेत, दोन गेटवेंवर. एका वॉर्डचा फोन तीन दिवस मेला होता. स्क्रीनवर तो पोर्ट सगळा वेळ ‘रजिस्टर्ड’ आणि ‘आयडल’ होता. असं कसं?

हा प्रश्न सगळ्यांनी नीट वाचावा. ज्या पोर्टला आपण फोन जोडतो तो एफएक्सएस. 48 व्होल्ट, डायल टोन आणि घंटी तोच पुरवतो. रिसीव्हर खाली असताना त्या जोडीतून डीसी करंट वाहत नाही. वायर उंदराने कुरतडली, रोझेटमधला (फोनची कॉर्ड लागते त्या भिंतीवरच्या डबीतला) स्क्रू ढिला झाला किंवा फोन कुणी काढूनच नेला, तरीही करंट शून्यच. पोर्टला ‘फोन शांत आहे’ आणि ‘फोनच नाही’ यांतला फरक आपणहून कळायला काही मार्गच नाही. ‘रजिस्टर्ड’ या शब्दाचा तर फोनशी संबंधच नाही. गेटवेने त्या एक्स्टेन्शनच्या नावाने कॉल जोडणाऱ्या फोन सर्व्हरकडे हजेरी लावली, एवढाच त्याचा अर्थ. पिंग आणि सिपचा (नेटवर्कवरून कॉल जोडण्याच्या पद्धतीचा) ‘ऑप्शन्स’ संदेश या ‘आहेस का?’ विचारणाऱ्या तपासण्यांनीही गेटवेचा डबा जिवंत आहे इतकंच कळतं.

मग काय करायचं? पहिला उपाय लाईन टेस्टचा. बऱ्याच गेटवेंमध्ये जीआर-909 नावाच्या चाचण्या असतात : बाहेरचं व्होल्टेज आलंय का, जोडी शॉर्ट किंवा अर्थ झालीय का, रिसीव्हर उचलून ठेवलाय का, आणि पलीकडे घंटीचा भार आहे का. शेवटची चाचणी तुमच्या कामाची. ती रात्री दोन-अडीचला लावा, एकावेळी एकच पोर्ट. चाचणी चालू असताना त्या पोर्टवर फोन करता येत नाही, म्हणून आयसीयू आणि कॅज्युअल्टीचे पोर्ट यातून वगळून ते हाताने तपासा. काही स्वस्त इलेक्ट्रॉनिक फोनचा भार इतका हलका असतो की चाचणी ‘फोन नाही’ म्हणते. म्हणून सगळे फोन चालू असताना एकदा निकाल घ्या, तो जपून ठेवा आणि पुढच्या रात्रींचे निकाल त्याच्याशी ताडून बघा.

दुसरा उपाय यंत्राशिवायचा आहे आणि रुग्णालयासाठी मला तोच जास्त भरवशाचा वाटतो. सकाळी ड्यूटी बदलताना प्रत्येक वॉर्डने एक ठरावीक नंबर, समजा 199, फिरवायचा. सर्व्हर ‘नोंद झाली’ एवढं बोलून फोन ठेवतो. साडेआठला स्क्रिप्टने कॉलच्या नोंदी बघायच्या आणि ज्या पोर्टवरून 24 तासांत एकही कॉल गेला-आला नाही त्यांची यादी काढायची. रिसीव्हर, कॉर्ड, कीपॅड, वायर, पोर्ट, सर्व्हर या सगळ्यांची परीक्षा एका फोनमध्ये होते. घंटी मात्र यात तपासली जात नाही. ती हवी असेल तर सर्व्हरनेच उलट फोन लावावा.

उलट तक्रारही येईल : पोर्ट तासन् तास ‘ऑफ-हुक’. वॉर्डात जाऊन रोझेटवरून फोनची कॉर्ड काढा. स्थिती ऑन-हुक झाली तर दोष फोनचा किंवा नीट न ठेवलेल्या रिसीव्हरचा. तशीच राहिली तर खाली येऊन क्रोन मॉड्यूलवरून (गेटवेजवळ सगळ्या जोड्या जिथे येऊन लागतात ती पट्टी) ती जोडी सोडवा. आता ऑन-हुक झाली तर मधल्या केबलमध्ये शॉर्ट किंवा ओल आहे. गळतीचा रोध चार-पाच हजार ओहमपर्यंत उतरला की 48 व्होल्टला दहा-बारा मिलिअँपिअर वाहतात आणि बऱ्याच गेटवेंना तेवढ्यावर कुणीतरी रिसीव्हर उचलला असंच वाटतं. जोडी सोडवूनही ऑफ-हुक दिसत असेल तर पोर्ट गेला.

प्रश्न : सांगली मार्केट यार्डात हळदीची अडत आहे. चार लँडलाईन गेटवेवर घेतल्यात. दुपारनंतर एकेक पोर्ट ‘बिझी’ होऊन अडकतो, रीस्टार्ट केल्याशिवाय सुटत नाही. व्यापारी म्हणतात, तुमचा फोन कायम एंगेज.

एक्स्चेंजची लाईन जिथे लागते तो एफएक्सओ पोर्ट. समोरच्याने फोन ठेवला हे त्याला आपोआप कळत नाही. एक्स्चेंजने व्होल्टेज उलटं केलं किंवा क्षणभर तोडलं तर कळतं, पण साध्या लाईनवर अनेकदा दोन्ही मिळत नाही. मग उरतो तो एंगेज टोन. बहुतेक डबे येतात ते अमेरिकन टोनवर लावलेले, तिथे एंगेज टोन 480 आणि 620 हर्ट्झचा, अर्धा सेकंद चालू, अर्धा बंद. आपल्याकडे तो 400 हर्ट्झचा, 0.75 सेकंद चालू आणि 0.75 सेकंद बंद. डबा तो ऐकतो पण ओळखत नाही, आणि लाईन धरून बसतो.

सेटिंगमध्ये देश भारत निवडा. सिस्कोवर ‘सीपीटोन आयएन’. टोन ओळखून कॉल तोडण्याचा पर्याय चालू करा. टोन हाताने भरायचे असतील तर गर्दीचा (कंजेशन) टोनही भरा : 400 हर्ट्झ, पाव सेकंद चालू, पाव सेकंद बंद. नंतर स्वतःच्या मोबाईलवरून फोन करा, उचलल्यावर मोबाईल ठेवा आणि पोर्ट किती सेकंदांत ‘आयडल’ होतो ते बघा. चारही लाईनवर वेगवेगळं करा. मॉनिटरिंगमध्ये ‘45 मिनिटांहून जास्त ऑफ-हुक’ असा इशारा ठेवा. सौद्याचं बोलणं क्वचितच इतकं लांबतं.

अडकलेल्या लाईनपेक्षा मेलेली लाईन जास्त नुकसान करते, हेही लक्षात ठेवा. अडकलेली लाईन एक्स्चेंजला बिझी दिसते, त्यामुळे हंटिंग (एक लाईन बिझी असेल तर पुढची शोधण्याची एक्स्चेंजची सोय) असेल तर कॉल पुढच्या लाईनवर जातो. केबल तुटलेली लाईन एक्स्चेंजला मोकळी दिसते. व्यापाऱ्याला तिकडे रिंग ऐकू येते आणि त्याला वाटतं, अडतीत कुणी उचलतच नाही. बाहेर जाणाऱ्या कॉलचंही तेच : गेटवे ‘पहिला मोकळा पोर्ट’ या क्रमाने लाईन घेत असेल आणि पहिलीच मेलेली असेल, तर प्रत्येक कॉल तिच्यावर आपटतो. क्रम आळीपाळीचा ठेवा. रोज सकाळी दुकान उघडताना मोबाईलवरून चारही नंबरांना स्वतंत्र मिस्ड कॉल द्या आणि गेटवेच्या लॉगमध्ये त्या त्या पोर्टसमोर रिंग आल्याची नोंद बघा. दोन मिनिटांचं काम आहे.

प्रश्न : वाईत आमच्या ऑफिसमध्ये पावसाळ्यात एफएक्सओ पोर्ट दिवसातून वीस वेळा ‘डिस्कनेक्टेड–कनेक्टेड’ होतो. गेटवे बदलावा का?

आधी मल्टिमीटर काढा. गेटवेची वायर काढून लाईन मोकळी असताना डीसी व्होल्टेज घ्या. साधारण 48 च्या आसपास हवं. पस्तीसवर आलं असेल, हलत असेल, तर केबलमध्ये ओल आहे. टेस्ट फोन लावून रिसीव्हर उचला : सहा ते दहा-बारा व्होल्ट ठीक. डायल टोनमध्ये खरखर असेल तर जोड उघडून बघा. तांब्यावर हिरवा थर चढलेला दिसला की तेवढा तुकडा कापून जेली भरलेल्या कनेक्टरने पुन्हा जोडा. नुसती टेप गुंडाळू नका, आत पाणी साचतं. डीपी बॉक्सच्या (बाहेरची केबल जिथून घरोघरच्या जोड्यांत वाटली जाते ती पेटी) पलीकडचा दोष असेल तर टेलिफोन कंपनीकडे तक्रार करताना हे आकडे तारीख-वेळेसह द्या.

गेटवेच्या स्टेटस पानावर लाईनचं व्होल्टेज दिसत असेल तर त्याचा आलेख ठेवा. ओल आत शिरताना तो आधी हळूहळू खाली येतो आणि लाईन तुटायच्या आधी तुम्हाला सवड मिळते. वळवाच्या विजांनी एफएक्सओ पोर्ट जळतात, तेव्हा प्रत्येक जोडीला गॅस ट्यूबचा अरेस्टर (विजेचा झटका जमिनीत सोडणारा) लावा आणि त्याची अर्थिंग वायर जाड, आखूड आणि गेटवेच्याच अर्थपट्टीला ठेवा. वेगळा खड्डा करू नका. वीज पडली की दोन अर्थिंगमध्ये व्होल्टेजचा फरक येतो आणि तो पोर्टमधूनच वाट काढतो.

प्रश्न : गेटवे रीबूट केल्यावर तिसऱ्या पोर्टचा आलेख पाचव्याचा दिसायला लागला.

एसएनएमपीतले इंटरफेस क्रमांक रीबूटनंतर बदलू शकतात. सिस्कोवर ‘एसएनएमपी-सर्व्हर इफइंडेक्स पर्सिस्ट’ द्या आणि कॉन्फिगरेशन सेव्ह करा. तशी सोय नसेल तर सॉफ्टवेअरला क्रमांकाऐवजी पोर्टच्या नावावरून शोधायला सांगा. रीबूटनंतर एकेक फोन उचलून आलेखात बरोबर तीच रेघ हलते का, हेही एकदा बघून घ्या.