डिझेल वाढलं की आधी भत्ताच का कापला जातो?

प्रश्न : दादा नमस्कार, माझे मिस्टर सोळा वर्षं ट्रकवर ड्रायव्हर आहेत, आम्ही तासगावजवळ राहतो. शेठकडं तीन गाड्या होत्या, त्यातली एक विकली. क्लीनर होता त्याला दिवाळीनंतर येऊ नको म्हणून सांगितलं. आता मिस्टरांचा ट्रिपमागचा भत्ता कमी केलाय आणि वर डिझेल जास्त लागलं म्हणून पैसेपण कापतात. शेठ म्हणतात डिझेल वाढलं, भाडं तेवढंच आहे, मी काय करू. ते खरं बोलतात का आम्हाला फसवतात? नोकरी जाईल का? दोन पोरं शाळेत आहेत. — एक वाचक, तासगाव

उत्तर : ताई, शेठ अर्धं खरं बोलतायत. मी स्वतः ९ वर्षं सांगली-अहमदाबाद लाईनला गाडी चालवलीय, नंतर एक सेकंडहँड गाडी घेतली आणि ती विकावीपण लागली, त्यामुळं दोन्ही बाजू बघितल्यात.

हिशोब करून बघा. सांगलीहून हळद नाहीतर बेदाणा भरून अहमदाबाद, येताना वापी-अंकलेश्वरचा माल, जाऊन-येऊन धरा १८०० किलोमीटर. भरलेल्या गाडीला लिटरला ४ किलोमीटरचं ॲव्हरेज मिळालं तर ४५० लिटर डिझेल. लिटरमागं १० रुपये वाढले की एका फेरीला ४५०० रुपये जास्त गेले, महिन्यात चार फेऱ्या झाल्या तर १८,०००. म्हणजे एका माणसाचा पगारच की हो, आणि तो कुठून काढायचा हा शेठचा प्रश्न असतो. टोल कमी होत नाही, बँकेचा हप्ता थांबत नाही, इन्शुरन्स भरावाच लागतो, टायरपण क्रूड म्हणजे कच्चं तेल महागलं की महागतो. राहिलं काय, क्लीनर आणि ड्रायव्हर. म्हणून आधी क्लीनर जातो, मग भत्ता कमी होतो, मग परतीचं भाडं परवडत नाही म्हणून गाडी चार-चार दिवस उभी राहते आणि शेवटी गाडी विकली जाते. तुमच्या घरी क्रम थोडा मागंपुढं झाला, पण झालंय हेच. ड्रायव्हरला एकदम कुणी कामावरून काढत नाही, फेऱ्या कमी होतात आणि फेरीवर पोट असणाऱ्याला ते काढून टाकल्यासारखंच असतं.

भाडं का वाढत नाही असं तुम्ही विचाराल. मोठ्या कंपन्यांच्या कॉन्ट्रॅक्टमध्ये डिझेल इतकं वाढलं की भाडं इतकं वाढणार असं लिहिलेलं असतं, पण दोन-तीन गाड्यांचा मालक दलालाकडून मिळेल ते भाडं घेतो, तो नाही म्हणाला तर मागं दुसरी गाडी उभीच असते. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे भाव सरकारनं मोकळे केले, जून २०१७ पासून भाव रोज बदलायला लागले, आणि भाडं मात्र फोनवर एकदा ठरलं की ठरलं. जुलै २०१८ मध्ये ट्रान्सपोर्टवाल्यांनी देशभर आठ दिवस चक्काजाम केला, त्यात डिझेल जीएसटीत आणा ही मोठी मागणी होती. ते अजून जीएसटीच्या बाहेरच आहे, त्यामुळं डिझेलवर भरलेल्या टॅक्सचं क्रेडिट, म्हणजे तो टॅक्स पुढच्या जीएसटीतून वजा करून घेणं, मालकाला मिळत नाही. आणि क्रूड स्वस्त झालं म्हणजे सुटलो असंपण नाही, २०२० च्या लॉकडाऊनमध्ये जगात तेलाचे भाव पडले होते तेव्हा मे महिन्यात केंद्रानं डिझेलवरचा कर १३ रुपयांनी वाढवला, पुढं ऑक्टोबर २०२१ मध्ये मुंबईत डिझेल शंभरीपार गेलं, मग नोव्हेंबरमध्ये १० आणि मे २०२२ मध्ये ६ रुपये कर कमी केला. त्या दोन वर्षांत किती छोट्या मालकांनी गाड्या विकल्या ते मी माझ्या डोळ्यानं बघितलंय, माझी त्यातलीच एक.

इथपर्यंत शेठ खरे. पण डिझेलची तूट, म्हणजे ठरल्यापेक्षा जास्त लागलेलं डिझेल, मिस्टरांच्या भत्त्यातून कापणं मला पटत नाही. ४ च्या जागी ३.७५ चं ॲव्हरेज पडलं तर त्याच फेरीला ४८० लिटर लागतात, ३० लिटरची तूट. डिझेल ९० असताना २७०० रुपये आणि १०० झालं की ३०००, म्हणजे ड्रायव्हरनं तेवढीच चूक केली किंवा काहीच चूक केली नाही तरी भाव वाढल्याचा दंड त्याला बसतो. खंबाटकी, बोरघाट, घोडबंदरचं ट्रॅफिक, यात ॲव्हरेज कुणाच्या बापाला मिळत नाही, त्यात गाडी ओव्हरलोड असेल तर विचारूच नका.

म्हणून मिस्टरांना सांगा, एक वही करा. टाकी फुल केली तेव्हाचे किलोमीटर, परत फुल केली तेव्हाचे किलोमीटर, किती लिटर बसलं, किती टन माल होता, लोडिंगला किती तास थांबलो. अशा पाच-सहा फेऱ्या लिहून शेठसमोर ठेवायच्या आणि ॲव्हरेज नव्यानं ठरवून घ्यायचं, तूट कापायचीच असेल तर त्या ॲव्हरेजच्या खाली गेल्यावरच, आणि भत्ता वेगळा. खुराकीला, म्हणजे रस्त्यावरच्या जेवणाच्या पैशाला, हात लावायचा नाही, रस्त्यावर माणूस उपाशी गाडी चालवू शकत नाही, एवढं ठाम बोलायचं. भांडायला नको, सोळा वर्षांचा माणूस शेठलापण सोडायचा नसतो.

शेठला पैसे वाचवायचेच असतील तर ते हमालीत आणि वाराईत, म्हणजे माल भरताना-उतरवताना गाडीवाल्याकडून घेतात त्या पैशात आहेत. 'ज्याचा माल त्याचा हमाल' ही मागणी आपल्या सांगली-कोल्हापूरच्या गाडीवाल्यांनीच लावून धरलीय, माल भरायचा-उतरवायचा खर्च गाडीवर का, हे व्यापाऱ्याला विचारायची हिंमत करावी.

आणि शेठकडून जुनी गाडी हप्त्यावर घ्यायचा विचार मनात आला तर कृपा करून घेऊ नका. रोज बदलणाऱ्या डिझेलवर दर महिन्याचा फिक्स हप्ता, यात मी होरपळलोय. त्यापेक्षा ई-श्रम या असंघटित कामगारांच्या सरकारी पोर्टलवर नाव नोंदवा, बँकेत वर्षाला २० रुपयांचा प्रधानमंत्री सुरक्षा बीमा सुरू करा, अपघाती मृत्यूला २ लाख मिळतात, तो बऱ्याच ड्रायव्हरांनी काढलेला नसतो.

प्रश्न : कर्नाटकात डिझेल स्वस्त असलं की आम्ही निपाणीकडं टाकी भरतो. एवढ्यानं भागेल का? — एक गाडीमालक, कागल

उत्तर : बंगळूर साईडची फेरी असेल आणि तिकडं भाव कमी असेल तर जरूर भरा, प्रत्येक राज्याचा कर वेगळा म्हणून भावात फरक पडतो. पण त्यासाठी मुद्दाम रिकामी गाडी पळवू नका, वाचलेलं तिथंच जळतं. आणि त्यांनी एप्रिल २०२५ मध्ये वाढवला तसा कर वाढवला की तो फरक कमी होतो, तेव्हा त्या फरकावर भाडं ठरवू नका.

प्रश्न : मी २१ वर्षांचा आहे, कारचं लायसन्स दोन महिन्यांपूर्वी काढलं. ट्रकचं हेवी लायसन्स काढू का? सगळे म्हणतात या लाईनीत आता काही राहिलं नाही. — एक वाचक, श्रीगोंदा

उत्तर : अरे, एका बाजूला भत्ते कापले जातायत आणि दुसऱ्या बाजूला मालक ड्रायव्हर मिळत नाही म्हणून रडतायत, दोन्ही एकदम चालूय. पूर्वी पोरगा क्लीनर म्हणून चढायचा, चार-पाच वर्षांत उस्तादाकडून सगळं शिकायचा. नॅशनल परमिटच्या, म्हणजे देशभर माल न्यायचा परवाना असलेल्या गाडीला दोन ड्रायव्हर हवेत हा नियम २०१८ मध्ये सैल झाला, डिझेलमुळं क्लीनर परवडेना, आणि शिकायची ती शाळाच बंद पडली. म्हणून चांगला ड्रायव्हर कमी आहे आणि त्याला काम आहे.

कारचं लायसन्स निघून एक वर्ष झाल्याशिवाय हेवीचं लर्निंग मिळत नाही, म्हणजे तुझ्याकडं दहा महिने आहेत. या दहा महिन्यांत एखाद्या वयस्कर ड्रायव्हरबरोबर दोन-चार फेऱ्या मार, पैसे नाही मिळाले तरी चालेल, घाटात गिअर कधी टाकतो आणि ब्रेकवर पाय न ठेवता गाडी कशी उतरवतो ते बघ. नोकरी बघताना ठरलेला महिना पगार, पीएफ आणि कंपनीचं कॉन्ट्रॅक्टचं काम असलेला मालक बघ, दलालाच्या फोनवर चालणारी गाडी नको. आणि रुजू व्हायच्या आधीच विचार, डिझेलची तूट कुणाच्या नावावर?