एजन्सीतून ड्रायव्हरकी सुरू करणाऱ्या पोरास

प्रिय पोरा,

हेवीचं लायसन हातात आलं, वाळूजच्या एका एजन्सीत नाव लागलं आणि सोमवारपासून गाडीवर जायचंय, हे तुझ्या आईनं फोनवर सांगितलं. ऐकून फार बरं वाटलं. आपल्याकडं दोन-तीन एकर कोरडवाहूवर घर निघत नाही आणि पोरं मिळेल त्या टोळीबरोबर ऊसतोडीला जातात, हे तू लहानपणापासून बघितलंस. तू कसब शिकलास. आता ते नीट हाताळावं, म्हणून हे लिहितोय. सावकाश वाच.

एजन्सीचा ड्रायव्हर आणि मालकाच्या घरचा ड्रायव्हर यांच्या कामात मोठा फरक आहे. घरच्या ड्रायव्हरला एकच गाडी. तिचा क्लच कुठं धरतो, ब्रेक किती दाबल्यावर लागतो, हे त्याला पाठ असतं. तुझ्या हातात आज दहाचाकी, उद्या कंटेनर, परवा आणखी कुणाची तरी गाडी येईल. पगार एजन्सी देणार, गाडी ट्रान्सपोर्टरची, माल कंपनीचा. ताडपत्री फाटली, माल कमी भरला, बंपर चेपला की तिघंही एकमेकांकडं बोट दाखवतात आणि रक्कम मात्र नव्या पोराच्या पगारातून कापली जाते. असं झालेली कितीतरी पोरं माझ्याकडं येऊन बसली आहेत. त्यातल्या बऱ्याच जणांची काही चूक नव्हती, पण ते दाखवायला हातात काही नव्हतं. म्हणून माझं सांगणं एकच आहे. गाडी गेटबाहेर काढण्याआधीचा अर्धा तास तुझा. सुपरवायझर कितीही ओरडला तरी तो सोडू नको.

त्या अर्ध्या तासात काय करायचं? आधी गाडीभोवती एक फेरी मार आणि मोबाइलवर व्हिडिओ काढ. चारही बाजू, दोन्ही आरसे, दिवे, ताडपत्री, रस्सी, स्टेपनी, जॅक, टामी म्हणजे चाक खोलायची लोखंडी पहार, शेवटी किलोमीटरचा आकडा. लगेच तो व्हिडिओ एजन्सीच्या माणसाला व्हॉट्सॲपवर टाक, म्हणजे वेळ आपोआप लागते. मग चाकं. मागच्या जोडचाकांत बाहेरचा टायर भरलेला असला की आतला बसलेला दिसतच नाही, त्यामुळं नुसतं बघून भागत नाही. टामीनं प्रत्येक टायर ठोक. भरलेल्यावरून टामी उसळते, बसलेला बद्द आवाज देतो. दोन टायरांच्या मध्ये दगड अडकलाय का, तेही बघ. धावत्या गाडीतून तो सुटला तर मागच्या मोटारसायकलवाल्याच्या जिवावर बेततं. नटांकडं जवळून बघ. नटापासून गंजाचा तांबूस ओघळ खाली आलेला दिसला, तर तो नट सैल असण्याचा संशय धर आणि पान्यानं आवळून घेतल्याशिवाय हलू नको.

आता ब्रेकची हवा. इंजिन चालू करून हवेच्या दाबाचा गेज पूर्ण भरू दे. गाडी सपाटीवर असल्याची खात्री कर, चाकाला ठोकळा लाव, इंजिन बंद कर आणि ब्रेक दाबून धर. काटा थोडा खाली येऊन थांबला तर ठीक. थांबायचं नाव न घेता उतरतच राहिला तर कुठंतरी हवा गळतेय. इंजिन बंद असताना फुसफुस ऐकू येते, आवाजाच्या मागं गेलास की जागा सापडते. हवेच्या टाकीखालचा कॉक उघडून साचलेलं पाणीही काढून टाक, पावसाळ्यात तर रोज. गळती असेल तर गाडी घ्यायची नाही. ‘जालन्यापर्यंत ने, तिथं बघू’ असं म्हणतील. शांतपणे सांग, की मेसेज टाकलाय, मेकॅनिक पाठवा. पहिल्याच आठवड्यात नाही म्हणायला जड जाईल, नोकरी जाईल असंही वाटेल. तरी या बाबतीत मी तुला मागं हटू नको असंच सांगेन.

कागद बघायला पाच मिनिटं लागतात. आरसी, फिटनेस, इन्शुरन्स, परमिट, पीयूसी, यांच्या तारखा स्वतः वाच. बिल्टी म्हणजे ट्रान्सपोर्टरची मालाची पावती, बिल आणि ई-वे बिल म्हणजे माल नेण्याचा जीएसटीचा ऑनलाइन परवाना, यांच्यावरचा गाडीनंबर एकच आहे ना, ते ताडून बघ. ई-वे बिलाला साधारण दर २०० किलोमीटरला एक दिवस धरलेला असतो. गाडी बिघडून थांबली तर मुदत संपायच्या आत ट्रान्सपोर्टरला कळव, वाढवून घेणं त्याचं काम आहे.

वजनाचं जरा जास्त सांगतो, कारण मोंढ्यातून माल भरताना इथंच फसगत होते. लातूरला सोयाबीन, हिंगोली-वसमतला हळद, कारखान्यावर साखर, कुठंही गेलास तरी ‘अजून थोड्या गोण्या घे’ म्हणणारा भेटणारच. २०१८ साली सरकारनं मर्यादा वाढवली, दहाचाकीचं मालासकट एकूण वजन २५ वरून साडेअठ्ठावीस टनांवर गेलं. पण तुझ्यापुरतं खरं तेच, जे त्या गाडीच्या आरसीवर लिहिलंय. जास्त भरलं तर कायद्यात २०,००० रुपये दंड आहे आणि वरच्या प्रत्येक टनाला २,०००, शिवाय जादा माल उतरवायला लावतात. चालवणारा आणि चालवायला लावणारा, कायदा दोघांनाही धरतो. पण रस्त्यावर सापडणारा तू असतोस. म्हणून वजनकाट्याची पावती खिशात असल्याशिवाय निघू नको आणि तिचाही फोटो काढ.

एजन्सीच्या ऑफिसात काय बोलायचं, ते आता. मूळ लायसन जमा करून घेणाऱ्या एजन्सीत राहू नको. झेरॉक्स दे, डिजिलॉकरमधली प्रत दाखव. ती कायद्यानं चालते. कोऱ्या कागदावर सही करायची नाही, मग समोर ओळखीचा माणूस असला तरी. पगार महिन्याचा की ट्रिपवर, भत्ता किती, गाडी खाली व्हायला दोन दिवस लागले तर हॉल्टिंगचे म्हणजे थांबून राहिल्याचे पैसे कोण देणार, डिझेलचं ॲव्हरेज किती धरलंय आणि कमी पडलं तर कापणार का, हे सगळं पहिल्या दिवशी विचार आणि उत्तर मेसेजवर माग. दंडाचं ई-चलान गाडीमालकाच्या नावानं येतं. ते तुझ्या पगारातून कापणार असतील तर चलान दाखवा म्हण. त्यावर तारीख आणि वेळ असते, त्या वेळी गाडी तुझ्याकडं होती की नाही ते बघ.

त्यासाठी एक छोटी वही ठेव. तारीख, गाडीनंबर, कुठून कुठं, निघालो कधी, पोचलो कधी, किलोमीटर, कुणी पाठवलं. रोज दोन ओळी. महिनाअखेरीस हिशेबावरून वाद झाला की एजन्सीचा माणूस आठवणीवर बोलतो आणि तू वही उघडतोस, एवढ्यानं निम्मा वाद मिटतो. पीएफ म्हणून मूळ पगार आणि महागाई भत्त्याच्या १२ टक्के कापत असतील तर यूएएन म्हणजे तुझ्या पीएफ खात्याचा कायमचा नंबर मागून घे आणि पैसे खरंच भरले का, ते पासबुकात बघ. कापलेले पैसे खात्यात नसतील तर पहिल्याच महिन्यात बोल. वर्षानं बोललास तर एजन्सीचं नाव बदललेलं असतं.

रस्त्याचं बरंचसं तुला ट्रेनिंगमध्ये शिकवलंय, म्हणून आपल्या भागापुरतंच लिहितो. घाट ज्या गिअरमध्ये चढशील त्याच गिअरमध्ये उतर. बीडच्या पुढं मांजरसुंब्याचा घाट फार मोठा नाही, म्हणून पोरं बेफिकीर होतात आणि डिझेल वाचवायला न्यूट्रल करतात. भरलेली गाडी नुसत्या ब्रेकवर धरली की ब्रेकचे लायनर तापतात आणि मग ब्रेक दाबूनही गाडी थांबत नाही. ॲव्हरेजसाठी एजन्सी कितीही मागं लागू दे, उतारावर न्यूट्रल नाही. कन्नड-चाळीसगाव घाटात न्यायालयाच्या आदेशानं ऑगस्ट २०२३ पासून जड वाहनांना बंदी आली. मोबाइलचा नकाशा कारचा रस्ता दाखवतो, तो तुला तिकडं नेऊ शकतो. धुळ्याकडं जाताना ट्रान्सपोर्टरकडून रस्ता आधी ठरवून घे.

दिवाळीनंतर कारखाने सुरू झाले की बीड, धाराशिव, लातूरच्या रस्त्यांवर रात्रीची गाडी चालवणं अवघड होतं. उसाच्या जोड ट्रॉल्या, मागं दिवा नाही, रिफ्लेक्टर चिखलानं भरलेला, ऊस दोन्ही बाजूंना बाहेर आलेला. समोरून येणाऱ्या गाडीच्या उजेडात ती ट्रॉली दिसतच नाही, दिसते तेव्हा अंतर उरलेलं नसतं. समोरचा उजेड डोळ्यांवर आला की वेग कमी करायचा, मागचा कितीही हॉर्न वाजवू दे. आणि त्या ट्रॅक्टरवाल्यावर चिडू नको. तोही रात्रभर काट्याच्या रांगेत उभा राहून निघालेला असतो, बैलगाडीवाल्याच्या गाडीवर तर त्याची बायको-लेकरं बसलेली असतात.

समृद्धी महामार्गावर वेगळाच प्रकार. सरळ काँक्रीट, वळण नाही, चढ-उतार नाही, तासन् तास समोर तेच. डोळे उघडे असतात पण माणूस जागा नसतो. जड वाहनाला ताशी ८० ची मर्यादा आहे, तिच्या आतच राहा. टायरची हवा सकाळी, टायर थंड असताना तपास. मे महिन्यात दुपारी तापलेल्या टायरचा आकडा वाढलेला दिसेल. तो बघून हवा काढलीस तर टायर थंड झाल्यावर कमी हवेवर धावेल, आणखी तापेल आणि फुटेल. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मोठ्या ट्रकना एसी केबिन सक्तीची झाली, पण एजन्सीच्या पोराच्या वाट्याला जुनीच गाडी येणार, तेव्हा परभणीच्या उन्हात पाण्याचा मोठा कॅन आणि मीठ-साखर जवळ असू दे.

झोपेशी खेळू नको. रात्री दोन ते पहाटे पाच ही वेळ सगळ्यात वाईट. त्यावर गुटखा, चहा, गाणी, तोंडावर पाणी, काहीच चालत नाही. ढाब्यावर कुणी गोळी देईल, घेऊ नको. मागचे चार किलोमीटर आठवेनासे झाले की पेट्रोल पंपावर गाडी लाव, केबिन आतून लॉक कर आणि झोप. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यानं दिवसाला आठ तास काम आणि पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती ठरवली होती. रस्त्यावर ते किती पाळलं गेलं, ते मी बघत आलोय. तरी पाच तास हा आकडा तुझ्या वहीच्या पहिल्या पानावर लिही. एका ट्रिपवरून आल्या आल्या ‘आज रात्रीच दुसरी मार, पोरं नाहीत’ असा फोन येईल. जादा पैसे सांगतील. झोप झाली नसेल तर नाही म्हण. एजन्सी चिडेल, चार दिवस काम देणार नाही, मग पुन्हा फोन करेल. चांगल्या ड्रायव्हरांची टंचाई आहे, हे त्यांनाही माहीत असतं.

माल उतरवताना पोच म्हणजे माल मिळाल्याची सही घ्यायला विसरू नको. बिल्टीवर सही, शिक्का, तारीख, वेळ. गोणी ओली किंवा फाटकी निघाली तर घेणारा शेरा मारेल. तो काय लिहितोय ते वाच आणि ताडपत्री शाबूत असेल तर तिथंच फोटो काढ. पोच हरवली की भाडं अडतं आणि मग तुझा भत्ताही.

इथेनॉलच्या टँकरवर बसायला सांगितलं तर सध्या जाऊ नको. धोकादायक मालासाठी वेगळं ट्रेनिंग घ्यावं लागतं, लायसनवर तशी नोंद करावी लागते. वर्षभर हात बसला की ते जरूर कर, त्या कामाला पैसेही बरे मिळतात. तेव्हा कुठं ट्रेनिंग घ्यायचं, ते मी सांगेन.

पहिला पगार झाला की स्लिप, वही आणि बँकेचा मेसेज घेऊन रविवारी जालन्याला ये. मी दुपारपर्यंत घरीच असतो. काय कापलंय आणि का कापलंय, ते एकेक करून बघू. काही चुकीचं निघालं तर सोमवारी मी तुझ्याबरोबर एजन्सीत येतो.

तुझा,
काका