साथीत जिनोम सिक्वेन्सिंगचा नेमका उपयोग काय? पीसीआर चाचणी पुरेशी नाही का?

एका पेशंटवर उपचार करायला पीसीआर सहसा पुरते. नाका-घशातल्या नमुन्यात विषाणूची ठरावीक जनुकं शोधणारी ही चाचणी तो ‘आहे’ की ‘नाही’ एवढंच सांगते. विषाणू कोणत्या घराण्यातला हे कळायला त्याची सगळी जनुकीय अक्षरं वाचावी लागतात; यालाच जिनोम सिक्वेन्सिंग म्हणतात. कोरोनाची साधारण ३०,००० आहेत.

आपल्याकडचंच उदाहरण घ्या. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमरावती, अकोल्याकडे रुग्ण अचानक वाढले. लोक लग्नसराईला दोष देत होते. २४ मार्चला केंद्राने सांगितलं, की महाराष्ट्रातल्या १५ ते २० टक्के नमुन्यांत दोन ठळक बदल असलेला विषाणू आहे. त्याला ‘डबल म्युटंट’ म्हटलं गेलं (बदल दोनाहून बरेच जास्त होते, ते असो). त्याच कुळातला पुढे डेल्टा. आणि या कुळाचे सुरुवातीचे नमुने होते ऑक्टोबर २०२० चे! तंत्र होतं, पण नमुने वेळेत वाचले जात नव्हते. सिक्वेन्सिंगसाठी प्रयोगशाळांचं ‘इन्साकॉग’ हे जाळंच मुळात डिसेंबर २०२० मध्ये उभं राहिलं.

याउलट दक्षिण आफ्रिका, नोव्हेंबर २०२१. तिथल्या काही पीसीआर किट विषाणूची तीन जनुकं शोधत; त्यातलं एक, एस, दिसेनासं झालं. रिपोर्ट पॉझिटिव्हच, पण लॅबवाल्यांना खटकलं. त्यांनी सिक्वेन्सिंग केलं, २४ तारखेला जागतिक आरोग्य संघटनेला कळवलं आणि २६ ला ‘ओमिक्रॉन’ हे नावही पडलं. बक्षीस म्हणून त्यांना मिळाली इतर देशांची विमानबंदी.

म्हणजे पीसीआर हवीच. तिच्यातलं काही खटकलं, की पुढचं काम सिक्वेन्सिंगचं.