इंडियानातलं कोलंबस हे छोटं शहर कसं वाढलं? आर्किटेक्चरवाले त्याचं एवढं नाव का घेतात?

नोकरीच्या निमित्ताने मी तिथे राहिलो आहे, म्हणून लिहितो. ओहायोचं मोठं कोलंबस वेगळं. हे जेमतेम पन्नास हजार वस्तीचं.

गाव वसलं १८२१ मध्ये. १८४४ मध्ये रेल्वे आली, बाजारपेठ वाढली. इथवर आसपासच्या गावांसारखंच.

फरक पडला १९१९ पासून. विल्यम अर्विन या स्थानिक बँकरच्या गाडीवर क्लेसी कमिन्स हा ड्रायव्हर होता, मेकॅनिकही. त्याला डिझेल इंजिनाचं वेड. अर्विननी पैसा घातला आणि कमिन्स कंपनी उभी राहिली. नफा दिसायला मात्र १९३७ साल उजाडलं! इतकी वर्षं कळ काढणारा भांडवलदार मिळाला, हेच या शहराचं नशीब असं माझं ठाम मत आहे.

पुढे त्याच घराण्यातले जे. अर्विन मिलर कंपनीचे प्रमुख झाले. युद्धानंतर मुलांची संख्या वाढली, शाळा कमी पडू लागल्या. मिलर यांनी स्कूल बोर्डापुढे प्रस्ताव ठेवला: आम्ही नामवंत आर्किटेक्टांची यादी देतो, त्यातला तुम्ही निवडा, त्याची फी कंपनीचं फाउंडेशन भरेल. बांधकामाचा खर्च गावाचाच. यात परोपकार होताच, पण व्यवहारही होता. शाळा चांगल्या नसतील तर हुशार इंजिनिअर बायकामुलांना घेऊन एवढ्याशा गावात का येईल? १९५७ मध्ये हॅरी वीज यांची पहिली शाळा झाली. मग हीच योजना इतर सार्वजनिक इमारतींनाही लागू झाली. रॉबर्ट व्हेंचुरी यांनी तर इथे फायर स्टेशन बांधलं.

मला सगळ्यात आवडते ती एरो सारिनेन यांची १९५४ ची बँक. तेव्हा कॅशियर जाळीमागे बसायचे. इथे जाळी काढून टाकली, भिंती काचेच्या केल्या. रस्त्यावरून जाणाऱ्याला आतला व्यवहार सरळ दिसायचा.

पुण्याचं नातंही जुनं आहे. १९६२ मध्ये कोथरूडला किर्लोस्कर कमिन्स सुरू झाली. त्यामुळे कोलंबसच्या दुकानात भाजी निवडताना शेजारून मराठी कानावर आली तर दचकू नका.

बघायला जाणार असाल तर फिफ्थ स्ट्रीटपासून सुरुवात करा. एलिएल सारिनेन यांचं १९४२ चं चर्च आणि आय. एम. पेई यांची लायब्ररी तिथे समोरासमोर आहेत. लायब्ररीपुढच्या हेन्री मूर यांच्या ब्राँझच्या कमानीखालून चालत जाता येतं. मिलर यांचं घर आतून पाहायचं असेल तर व्हिजिटर्स सेंटरमधून आधीच बुकिंग करा.