गवत आधी, दाणे मागून

प्रश्न : आमचा गिनी पिग दोन वर्षांचा आहे. आठवडाभर जागचा हलत नाही, उचललं की ओरडतो. पेलेट्स (तयार खाद्याचे दाणे) आणि काकडी रोज देतो.

उत्तर : आधी प्राण्यांच्या डॉक्टरांना दाखवा, आजच. माझा पहिला संशय क जीवनसत्त्वावर आहे. माणसाप्रमाणेच गिनी पिगच्या शरीरातही ते तयार होत नाही. कमी पडलं की सांधे दुखतात, हिरड्यांतून रक्त येतं, हाच स्कर्व्ही. काकडीत बहुतेक पाणीच. पेलेट्समधलं क जीवनसत्त्व साठवणुकीत घटत जातं, आणि सुट्या पेलेट्सवर तर तारीखही नसते. रोज ढोबळी मिरचीची एक जाड फोड आणि थोडी कोथिंबीर द्या. मिरची लाल असेल तर उत्तम. निरोगी मोठ्या गिनी पिगला दिवसाला साधारण 10 ते 30 मिलिग्रॅम पुरतं, आजारपणातला डोस डॉक्टर ठरवतील. पाण्यात क जीवनसत्त्वाचे थेंब घालू नका. जीवनसत्त्व लवकर नासतं आणि चव बदलली म्हणून तो पाणीच टाकतो.

शिवाय पत्रात गवताचं नावही नाही! गवत ही त्याची भाकरी, बाकी सगळं तोंडीलावणं. त्याचे दात जन्मभर वाढतात आणि झिजतात ते गवत चघळूनच. वाळलेलं गवत चोवीस तास समोर हवं.

प्रश्न : आमची शेती आहे. तिथलं काय चालेल?

उत्तर : हरळी खुशाल द्या, फक्त फवारणी झालेल्या बांधावरची नको. ढिगात तापलेलं, बुरशीचा वास येणारं गवतही नको. लसूणघासात कॅल्शियम फार. वाढत्या पिल्लांना आणि गाभण मादीला ठीक, मोठ्यांना मूतखड्याची भीती. कोवळी ज्वारी अजिबात नाही. जिने गाईला किराळ लागते, म्हणजे विषबाधा होते, ती किलोभराच्या जिवावर कशाला आजमावायची?

प्रश्न : हॅमस्टर वाटी लगेच फस्त करतो. पुन्हा भरावी का? आम्ही शाकाहारी आहोत, अंडं द्यावंच लागेल का?

उत्तर : फस्त नाही, पसार करतो. गालांच्या पिशव्यांत भरून घरट्यात नेतो. भुशाखाली बघा, सूर्यफुलाच्या बियांचं कोठार सापडेल. दिवसाला एक-दीड चहाचा चमचा पेलेट्स पुष्कळ झाले, बिया दोन-तीनच. अंड्याची सक्ती नाही. चांगल्या पेलेट्समध्ये प्रथिनं असतात. अधूनमधून बिनमिठाच्या पनीरचा तुरीएवढा कण द्या.

प्रश्न : पाळीव उंदराला चिवडा फार आवडतो.

उत्तर : कुणाला आवडत नाही? पण मीठ-तेल त्याला नको. उंदराला उलटी करता येत नाही, पोटात गेलं ते गेलं. चॉकलेट आणि कच्चा राजमाही लांबच ठेवा.