सूक्ष्मकणी चुनखडक कसा तयार होतो आणि पुढे त्यात कोणते बदल होतात?

सूक्ष्मकणी चुनखडक, म्हणजेच मिक्राइट, हा मुळात चुन्याचा चिखल असतो आणि त्याचे कण साधारणतः 4 मायक्रोमीटरपेक्षा लहान असतात. इतके बारीक कण खाली बसण्यासाठी पाणी शांत असावे लागते. त्यामुळे खाजणे, लाटांपासून सुरक्षित उथळ समुद्र किंवा खोल समुद्रतळ अशा ठिकाणी हा गाळ साचतो.

हा चिखल येतो कोठून, हा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. बहामा बेटांच्या उथळ समुद्रात पेनिसिलससारखी हिरवी शैवाले मेल्यावर त्यांच्यातील अ‍ॅरागोनाइटच्या (कॅल्शियम कार्बोनेटचे एक खनिज) सुया सुट्या होऊन तळाशी पसरतात; शिवाय काही गाळ थेट पाण्यातून अवक्षेपित होतो (घन कणांच्या रूपात वेगळा होतो), तर काही शंख-शिंपल्यांच्या झिजेतून येतो. खोल समुद्रात मात्र कोकोलिथ या एकपेशीय शैवालांच्या सूक्ष्म कवचपट्टिकांचा वाटा मोठा असतो आणि त्यांच्यापासूनच चॉक हा मऊ चुनखडक तयार होतो.

ताज्या चिखलात निम्म्याहून अधिक जागा पाण्याची असते. वरच्या थरांच्या भाराने ते पाणी बाहेर पडते. अस्थिर अ‍ॅरागोनाइट विरघळून त्याच्या जागी कॅल्साइट, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचे अधिक स्थिर रूप, येते आणि कण एकमेकांना घट्ट सांधले जातात. पुढे हेच स्फटिक वाढून मायक्रोस्पार (किंचित जाड कॅल्साइट स्फटिक) बनतात, त्यामुळे जाडसर कण दिसले म्हणून मूळ गाळही जाडाच होता असे मानू नये. मॅग्नेशियमयुक्त पाणी खडकातून फिरल्यास त्याचे डोलोमाइट (कॅल्शियम-मॅग्नेशियम कार्बोनेट) होऊ शकते आणि दाब आणखी वाढल्यास विरघळलेल्या भागांवर दातेरी, काळपट स्टायलोलाइट रेषा उमटतात.